मुकादमाला किती वेळा विचारायचं

संगणक केंद्राच्या तळमजल्यावर एक लांबलचक खोली होती आणि त्या खोलीत बारा महिने थंडी असे. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत जाणारा माणूस आधी स्वेटर चढवायचा आणि मगच दार ढकलायचा. आत काळ्या कपाटांच्या ओळी, कपाटांत खच्चून बसवलेली यंत्रं, हिरवे मिणमिणते दिवे, आणि पंख्यांचा असा काही घोंघाट की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. ही सगळी यंत्रं तारांनी एकमेकांना जोडलेली होती. एकटं कुणीच फार हुशार नव्हतं, पण मिळून कामाला लागली की साध्या संगणकाला वर्षभर पुरेल इतकी आकडेमोड ती दोन दिवसांत हातावेगळी करायची.

दाराशी काचेची एक टीचभर केबिन होती. तिथे मावशी बसायची.

मावशी इथे लागली तेव्हा खोलीत एकच यंत्र होतं. गणितात पदवी घेऊन ती नुकती बाहेर पडली होती. दोन वर्षं नोकरी करू, मग पुढचं पुढे, असं तिने घरी सांगितलं होतं. पुढचं पुढेच राहिलं. लग्नाचंही तसंच राहून गेलं. कुणाशी बिनसलं नाही की कुणी नकार दिला नाही, सुट्टी काढायची राहून जावी तसं ते राहून गेलं, एवढंच. एका यंत्राची दोन झाली, दोनाची वीस झाली, आणि मग मोजणं सोडून दिलं. संशोधन करणारी माणसंही तशीच वाढली, आणि आधी कोणाचं काम चालवायचं यावरून रोज हमरीतुमरी व्हायला लागली. तेव्हा केंद्राने कामं वाटून देणारा एक प्रोग्राम आणला.

"हा नक्की करतो काय?" खोलीतल्या थंडीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने तेव्हा विचारलं होतं. वातानुकूलन सांभाळायचं म्हणून सगळे त्याला गारठा म्हणत, आणि तोही कुणी विचारलं तर तेच नाव सांगे.

"आलेल्या कामांना रांगेत उभं करतो. कुठली यंत्रं मोकळी आहेत ते बघतो. आणि ज्याला त्याला कामाला लावतो," मावशीने सांगितलं.

"मग मुकादम म्हणा की सरळ! कशाला एवढं इंग्रजी."

तेव्हापासून त्या प्रोग्रामचं नाव मुकादम पडलं. वरच्या मजल्यावरचे मोठमोठे शास्त्रज्ञही फोनवर विचारू लागले, "आज मुकादमाचा मूड कसा आहे?"

मुकादमाचे नियम लावायचं काम मावशीकडे होतं. तेव्हा अर्थातच ती मावशी नव्हती. ती मॅडम होती. मावशी झाली ती भाचा आल्यावर.

थोरल्या बहिणीचा मुलगा. वाऱ्यात पुलांचे दोर कसे थरथरतात याचा अभ्यास करायला याच संस्थेत आला आणि साहजिकच मावशीच्या घरी राहिला. पहिल्याच आठवड्यात केंद्रात भर गर्दीत त्याने "मावशी, किल्ली दे ना घराची!" अशी हाक मारली. काचेच्या केबिनीबाहेरच्या सगळ्या माना वळल्या. दुसऱ्या दिवशी एक पोरगी दारातून डोकावून म्हणाली, "मावशी, माझं काम का अडकलंय हो?" महिन्याभरात अख्ख्या केंद्राची ती मावशी झाली. वरवर तिने कपाळाला आठ्या घातल्या. मनातून तिला बरं वाटलं.

भाच्याच्या बाबतीत मात्र तिचा जीव टांगणीला लागलेला असे. परक्याचं पोर म्हणून जबाबदारी मोठी, आणि परकं नाहीच म्हणून आणखी मोठी. पोहोचलास का? जेवलास का? छत्री आहे का? काम कसं चाललंय? दिवसभरात तिचे इतके निरोप जात की त्याच्या मित्रांना तिचे निरोप पाठ झाले होते. बहीण फोनवर हसायची. "माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. अगं, पण मी अजून जिवंत आहे!"

"तू लांब आहेस. उद्या काही झालं तर इथे मला उत्तर द्यायचंय."

"कोणाला?"

"तुलाच की."

असं सगळं बरं चाललेलं असताना एका सकाळी चहाच्या यंत्रापाशी तिच्या कानावर एक वाक्य पडलं. बोलणाऱ्यांची पाठ होती. "सगळ्यांची मावशी," एकजण म्हणाला, "पण भाचा एकच." दुसरा फिस्सकन हसला. मावशीने रिकामा कप तसाच धरला आणि मागच्या मागे केबिनीत येऊन बसली.

बोलण्याला आधार होता, म्हणून तर ते झोंबलं. भाच्याची कामं खरंच रांगेतून भराभर सुटत. सकाळी टाकलं की दुपारी उत्तर हातात. उलट भूकंपवाल्या बाईंची कामं दोन-दोन दिवस रांगेत ताटकळत. भूकंपवाल्या बाई म्हणजे जमिनीचे हादरे इमारतींच्या पायापर्यंत कसे पोहोचतात ते शोधणाऱ्या, पस्तिशीच्या, कायम घाईतल्या बाई. त्यांची संशोधनासाठीची शिष्यवृत्ती संपत आली होती, निबंध अर्धाच झाला होता, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. त्यांनी कुजबूज केली नाही. सरळ संचालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "रांगेत वशिला चालतो. तुम्ही बघा."

संचालकांनी मावशीला वर बोलावलं. भले गृहस्थ होते. बोलताना टेबलावरचा कागददाब उगाचच फिरवत राहिले.

"बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास काही बैठकीत दाखवता येत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय निघणारच. तेव्हा रांग सरळ आहे हे आकड्यांनी दिसलं पाहिजे."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तुमच्या भाच्याचं खातं इथलं बंद करून दुसऱ्या केंद्रात हलवावं लागेल. लोकांची तोंडं बंद करायला दुसरा उपाय नाही."

दुसऱ्या केंद्रात नवीन माणसाचा नंबर लागायलाच अर्धं वर्ष जायचं. भाच्याला प्रबंध द्यायला तेवढंच उरलं होतं. मावशी जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्यामुळे पोराचं नुकसान होता कामा नये. आपण इथे नसतो तर कुणी त्याच्या कामाकडे ढुंकूनही बघितलं नसतं.

आकडे आणायचे कुठून, हा प्रश्नच होता. मुकादम कामं वाटायचा, पण त्याच्या वागण्याचा आलेख कुणी ठेवलेला नव्हता. मोजमाप गोळा करणारा एक प्रोग्राम केंद्रात होता. खोली किती गार आहे, पंखे किती वेगाने फिरतायत, वीज किती जळतेय, हे सगळं तो टिपून ठेवायचा आणि पडद्यावर रेघांनी काढून दाखवायचा. गारठा दिवसभर त्याच रेघा बघत बसे. पण मुकादमाच्या पोटात काय चाललंय ते त्या प्रोग्रामला कळत नसे. त्यासाठी त्याला एक जोड लावायला हवी होती, एक छोटंसं प्लगइन. त्याने ठरावीक वेळाने मुकादमाकडे जायचं, किती कामं रांगेत आहेत, किती चालू आहेत, किती यंत्रं रिकामी आहेत, कोणी किती मागितलं आणि कोणाला किती वेळ थांबावं लागलं हे विचारायचं, आणि मिळालेली उत्तरं मोजमापवाल्याच्या हवाली करायची. बास.

मावशीने प्लगइन बसवलं. काही भाग आयता मिळाला, काही तिने स्वतः लिहिला. शेवटी एक साधा प्रश्न उरला. मुकादमाला दर किती वेळाने विचारायचं?

आयत्या मिळालेल्या भागात दर मिनिटाला एकदा, असं घातलेलं होतं. मावशीने त्याकडे बघितलं आणि तिला ते पटेना. मिनिटभरात काय काय होऊन जातं! नेमकं त्याच मधल्या वेळात काही घडलं आणि आपल्या आकड्यांत ते आलंच नाही तर? बैठकीत कुणी म्हणालं, हे एवढं सुटलं कसं, तर? तिने मिनिट खोडून सेकंद केलं. शिवाय नुसती बेरीज नको, रांगेतल्या एकेका कामाची सगळी कुंडली प्रत्येक वेळी हवी, असंही घातलं. मग निश्चिंत मनाने खुर्चीला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन खणखणायला लागला.

"मावशी, मी काम टाकलं तर मुकादम हूं की चूं करत नाही."

"मावशी, रांग बघायला गेले तर पडदा नुसता कोरा."

"मावशी, माझं काम संपलंय, पण मुकादमाला अजून पत्ताच नाही!"

दुपारपर्यंत कपाटांतली निम्मी यंत्रं रिकामी बसली होती आणि बाहेर रांग वाढत चालली होती. मुकादम मेलेला नव्हता, चालू होता. पण एखाद्याला हाक मारावी आणि त्याने बऱ्याच वेळाने "अं?" म्हणावं, तसं त्याचं झालं होतं. भूकंपवाल्या बाई स्वतः खाली आल्या. स्वेटर न घालताच आत शिरल्या आणि हाताची घडी घालून कुडकुडत उभ्या राहिल्या.

"आकडे काढताय म्हणे तुम्ही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी वेळ आलीये मावशी. तुमचे आकडे राहू देत. माझं काम सुरू करा."

"मी बघतेच आहे."

"बघा. मी काही हौसेने तक्रार करत नाही. मला इथून जायला थोडेच दिवस राहिलेत."

मावशीने दुपारचं जेवण सोडलं आणि शोध सुरू केला. तारा तपासल्या. डिस्क भरलीय का ते पाहिलं. मग तिच्या मनात आलं की कुणीतरी मुकादमाला सारखं छळतंय. हल्लीची मुलं उतावीळ. काम टाकलं की दर क्षणाला विचारत बसतात, झालं का, झालं का. एखाद्याने तर तेवढ्यासाठी प्रोग्रामच लिहून ठेवला असेल. आणि एक वाईट विचारही आला. तो तिने लगेच झटकला, पण आला होता खरा. भूकंपवाल्या बाईच असतील. घाई त्यांनाच आहे.

कोणी किती वेळा काय विचारलं याचा हिशेब मुकादम स्वतःपाशी ठेवत असतो, आणि मागितला तर देतोही. मावशीने तो मागितला. बराच वेळ थांबवून मुकादमाने उत्तर दिलं. सगळ्यांची नावं आणि प्रत्येकासमोर किती वेळा विचारलं ती संख्या. भूकंपवाल्या बाईंची दिवसभरात विचारपूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भाच्याची तर नाहीच. आणि सगळ्यांत वर, बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी पुरी पडणार नाही असा लांबच लांब आकडा. त्या आकड्यासमोर तिने प्लगइनसाठी काढलेलं खातं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मावशी पडद्याकडे बघत राहिली. प्रत्येक सेकंदाला तिचं प्लगइन मुकादमाच्या पुढ्यात जाऊन उभं राहत होतं. कसं चाललंय? सगळं सांग. एकेकाचं सांग. मुकादम बिचारा प्रत्येक वेळी हातातलं काम खाली ठेवून रांगेतल्या एकेकाची कुंडली वाचून दाखवत होता. ती संपेपर्यंत पुढचा प्रश्न दारात हजर. कामं वाटायला त्याला उसंतच उरली नव्हती.

गारठा तापमानाच्या रेघा बघायला आत आला. तिचं तोंड बघून थांबला. "काय झालं बाई? सापडला चोर?"

"सापडला."

"कोण?"

"मीच."

सगळं ऐकून तो हसायला लागला, मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. "जाऊ द्या हो. आमची आई आजारी असताना मी तेच करायचो. रात्री उठवून विचारायचो, आई, झोप लागली का?"

मावशीलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिने सेकंद खोडून मिनिट केलं. प्रत्येकाची कुंडली मागणं बंद केलं. एकच प्रश्न ठेवला, कोणाची किती कामं कुठे आहेत एवढाच, सगळी रांग मिळून एका दमात सांगता येईल असा. मुकादमाने एक मोठा श्वास घ्यावा तशी यंत्रं एकेक करून कामाला लागली. कपाटांतले पंखे पुन्हा घोंगावले. मग तिने सगळ्यांना पत्र लिहिलं. सकाळपासून रांग खोळंबली होती ती माझ्या चुकीमुळे. मुकादमाला मी गरजेपेक्षा फार जास्त वेळा विचारत होते. चूक दुरुस्त केली आहे. पत्र धाडताना बोट थबकलं. बैठकीच्या तोंडावर आपल्याच हाताने लोकांना कोलीत देणं झालं हे. पण दुसऱ्या कुणावर ढकलायचं म्हटलं तरी ढकलणार कोणावर?

त्यानंतर रेघा यायला लागल्या. मिनिटागणिक एक ठिपका, ठिपक्याला ठिपका जोडून रेघ. मावशी रोज सकाळी आल्या आल्या स्वेटरची बटणं लावत लावत आधी त्या बघायची. पहिल्याच आठवड्यात रांग तिला जशी दिसली तशी इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. काम टाकताना माणसं यंत्रांचा किती वेळ आधी मागून ठेवतात आणि त्यातला किती वापरतात यांच्या दोन रेघा होत्या, आणि त्या दोघींमध्ये एवढी मोठी फट होती की ट्रक निघून जाईल. भूकंपवाल्या बाई प्रत्येक कामाला पूर्ण दिवस मागत. काम तीन तासांत आटपे. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

आणि आणखी एक रेघ होती, भाच्याची. आधीच्या दिवसांची माहिती मुकादमाच्या नोंदींतून काढून तिने ती रेघ मागे नेली होती. संचालकांनी तिला वर बोलावलं त्या दिवसापर्यंत ती खालीवर उड्या मारत होती. त्यानंतर सरळ, जमिनीला टेकलेली. शून्य. पोराने त्या दिवसापासून एकही काम टाकलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ती त्याला विचारत होती, काम कसं चाललंय? आणि रोज तो सांगत होता, मस्त.

त्या दिवशी घरी जाताना तिने त्याला एकही निरोप पाठवला नाही. जेवायला बसल्यावर त्याच्या ताटात भात वाढला. त्याने हात आडवा धरला. "बास मावशी."

"लागेल तेवढाच घे," ती सवयीने म्हणाली. "टाकू नकोस."

"माहितेय. लागलं तर पुन्हा मागायचं, उगाच ढीग घ्यायचा नाही. पाठ झालंय."

मग तिने एकच प्रश्न विचारला. "रांगेत तुझं एकही काम का नाही?"

त्याचा घास हातातच राहिला. "तुला कसं कळलं?"

"रेघ दिसते."

तो भात चिवडायला लागला. मग म्हणाला, "लोक बोलतात ना. म्हटलं, तुझी बैठक होईपर्यंत नकोच. मी काम टाकणार, ते लगेच सुटणार, आणि लोकांना आयतं कोलीत मिळणार."

"आणि प्रबंध?"

"बघू."

"बघू काय? आणि मला रोज मस्त चाललंय म्हणून सांगत होतास?"

"मावशी," तो म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते तिला जास्त लागलं, "तू दिवसातून इतक्यांदा विचारतेस. खरं सांगितलं असतं तर तितक्यांदा सांगावं लागलं असतं. मस्त म्हटलं की सुटका होते."

मावशीने भाताचं भांडं खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांपुढे प्लगइनच्या नावासमोरचा तो लांबच लांब आकडा आला.

बैठकीच्या दिवशी वरच्या मजल्यावरची खोली गच्च भरली होती. नेहमी दांडी मारणारेही हजर. मावशीने रेघा भिंतीवर दाखवल्या. कुणाचंही नाव न घेता तिने आधी फक्त मधली फट दाखवली आणि म्हणाली, "आपण सगळे जास्त मागतो. म्हणून थांबतो."

"जास्त मागितलं म्हणून थांबायला का लागावं?" मागून कुणीतरी विचारलं.

"असं समजा, एखाद्या हॉटेलात दहा जणांचं कुटुंब शेजारशेजारची टेबलं मोकळी व्हायची वाट बघत उभं आहे. एक टेबल मोकळं झालंय, बाकीची व्हायची आहेत. तेवढ्यात एकटा माणूस येतो आणि म्हणतो, चहा घेतो आणि उठतो. मालक त्याला बसवतो. कुणाचं काय जातं? पण तोच माणूस म्हणाला, मी दिवसभर बसणार, तर मालक म्हणेल, मग थांब बाबा रांगेत. प्रत्यक्षात तो चहा पिऊनच उठणार असला तरी मालकाला ते कसं कळणार? आपला मुकादम हेच करतो. माझा भाचा थोडा वेळ मागतो, म्हणून त्याला अशा मधल्या मोकळ्या जागेत बसवतो. मी त्याचा नंबर पुढे घेतलेला नाही. नियम सगळ्यांना एकच आहेत, ते इथे लिहिलेत, कुणीही वाचावेत."

खोलीत चुळबूळ झाली. संचालकांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान दिसायला लागलं. तेवढ्यात भूकंपवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"मी पूर्ण दिवस मागते ते काही हौस म्हणून नाही. पहिल्या वर्षी मी सहा तास मागितले होते. शेवटचा टप्पा राहिला होता आणि वेळ संपला म्हणून मुकादमाने काम मधूनच तोडलं. सगळं गेलं. मार्गदर्शकांसमोर मी रिकाम्या हाताने उभी राहिले. त्या दिवसापासून मी जेवढं मिळेल तेवढं मागते."

मावशीने मान हलवली. तिला ते पुरेपूर कळलं. भीतीने जास्तीचं मागणारीला भीतीने जास्तीचं विचारणारी काय सांगणार?

"आणि दुसरं," बाई पुढे म्हणाल्या. आता त्या मावशीकडेच बघत होत्या. "तुमच्या भाच्याला हे कसं कळलं? थोडं मागितलं की लवकर सुटतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. त्याला कोणी सांगितलं?"

भाचा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली.

"मी," मावशी म्हणाली. "घरी. जेवताना. ताटात असो की रांगेत, लागेल तेवढंच माग म्हणून."

"म्हणजे वशिला नव्हता. पण घरची शिकवणी होती."

संचालक काहीतरी बोलायला गेले. मावशीने हात वर केला. "त्या बरोबर बोलतायत. मी त्याचा नंबर पुढे घेतला नाही, पण जे त्याला सांगितलं ते तुम्हा सगळ्यांना सांगायला हवं होतं. मला वाटायचं, विचारलं तर सांगू. पण जे माहीतच नाही ते माणूस विचारणार कसं?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माफीही मागितली नाही. चर्चा लांबली, चहा गार झाला, आणि शेवटी तीन गोष्टी ठरल्या. रेघा खालच्या दालनात सगळ्यांना दिसतील अशा मोठ्या पडद्यावर लावायच्या. दर आठवड्याला मावशीने एक तास कुणालाही शिकवायला बसायचं. आणि कुणाचं काम वेळ संपत आल्यामुळे तुटायला आलं, तर त्याने मावशीला कळवायचं, ती मुकादमाला सांगून वेळ वाढवून देईल. भाच्याच्या खात्याचा विषय कुणी काढलाच नाही. संचालकांनी टिपणाच्या त्या ओळीवर काट मारली आणि पुढच्या विषयाकडे वळले.

भूकंपवाल्या बाई दाराशी तिच्यासाठी थांबल्या होत्या. "मी उद्या चार तास मागते," त्या म्हणाल्या. "पण तुटलं तर?"

"तुटायच्या आधी फोन करा."

"किती वेळा करू?"

"एकदा पुरे," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या. बाईंच्या डोळ्यांखालची वर्तुळं तशीच होती, पण हसल्यावर त्या बऱ्याच लहान दिसल्या.

बाईंचं काम दुसऱ्या दिवशी दुपारीच सुटलं आणि पुरं झालं, न तुटता. मग त्यांनी साडेतीन तास मागून पाहिले. त्यांचं बघून शेजारच्या टेबलावरच्याने निम्मा वेळ मागितला. पडद्यावरची फट हळूहळू मिटत चालली, आणि ताटकळत उभी राहणारी माणसं कमी झाली. दालनातून जाता-येता माणसं रेघांसमोर थांबत, आणि क्रिकेटचे आकडे बोलावेत तशी बोलत.

याचा फटका एकालाच बसला.

"मावशी!" भाचा केबिनीच्या काचेवर टकटक करत म्हणाला. "माझं काम सकाळपासून रांगेत आहे! आधी कधी एवढं थांबलं नव्हतं."

"सगळे तुझ्यासारखेच शहाणे झाले ना आता. मधल्या मोकळ्या जागा कुठे उरल्यात?"

"मग?"

"मग काय? थांब. बाकीचे इतके दिवस थांबलेच ना?"

"तू काहीच करणार नाहीस?"

मावशीने मान हलवली. तो तोंड वाकडं करून गेला, पण जाताना गारठ्याला टाळी देऊन गेला, म्हणजे फारसा रागावला नव्हता. मावशीने पडद्याकडे पाहिलं. जमिनीला टेकलेली त्याची रेघ पुन्हा वर उचलली होती. खाली एका ठिपक्यावर त्याचं काम उभं होतं, आठव्या नंबरावर. तिचा हात फोनकडे गेला. जेवलास का, एवढंच विचारायचं होतं.

तिने फोन पालथा ठेवला. तो आताच तर समोर उभा होता. आणि ठिपका काय, मिनिटाला एकदा बदलतोच.